कागदावरचं वाळवंट : नसरीन मोहमदी



वाळवंटाचं चित्र काढायला सांगितलं, तर आपण उंट काढू, खजुराचं झाड काढू, वाळूची एखादी टेकडी काढू. चित्रकर्ती नसरीन मोहमदी यांच्या कागदावर यातलं काहीही नसतं. असतात त्या फक्त रेषा. शाईच्या, पेन्सिलीच्या, कमालीच्या बारीक. तरीही त्यांत मला वाळवंट दिसतं. ते का दिसतं, ते आज सांगतो.

नसरीन यांचा जन्म १९३७ सालचा, कराचीतला. बालपणीच त्या मुंबईला आल्या. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये होता, त्यामुळे आखाताकडे जाणं-येणं होई. चित्रकलेचं शिक्षण लंडन आणि पॅरिसमध्ये झालं. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकाराचा सहवास लाभला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवत होत्या.

आखाती प्रदेशात त्यांनी वाळूची छायाचित्रं काढली. वाऱ्यानं उमटवलेल्या लहरी, लांब पसरलेल्या सावल्या, मोकळं क्षितिज. ही छायाचित्रं त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. आज ती रेखाचित्रांशेजारी पाहिली, की दोन्हींमागची नजर एकच आहे हे कळतं. उघड्या भूमीवर नजरेला धरायला फार थोडं असतं: एक आडवी रेघ, उजेड आणि अंतर. नसरीन यांनी तेवढंच ठेवलं.

सुरुवातीच्या चित्रांत शाईचे ओघळ आहेत, झाडाझुडपांचे भास आहेत. सत्तरच्या दशकात तेही गळून पडले. आराखडे काढायची अवजारं घेऊन त्या समांतर रेषा ओढू लागल्या. रेषा कुठे दाट होतात, कुठे विरळ. कुठे गडद, कुठे दिसेनाशा. त्या विरळपणातून खोली तयार होते आणि कोरा कागद मैलोन्‌मैल पसरल्यासारखा वाटतो. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. पुढे मज्जासंस्थेच्या आजारानं शरीर साथ देईना, तरी रेषेची अचूकता ढळली नाही.

मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची ‘मेट ब्रॉयर’ ही शाखा ज्या प्रदर्शनांनी उघडली, त्यांतलं एक नसरीन यांचं होतं. माद्रिदचं राइना सोफिया आणि दिल्लीचं किरण नाडर ही म्युझियम्स त्याच्या आयोजनात सहभागी होती. १३० हून अधिक कलाकृती होत्या.

अशी चित्रं छापील पुस्तकात निम्मी हरवतात. पेन्सिलीची फिकट रेघ छपाईत उतरत नाही. ती समोरच पाहावी लागतात. कागदाला प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून दालनात दिवे मंद असतात. घाई करू नका. आधी जवळून एका रेषेचा माग काढा, मग चार पावलं मागे या. डोळा सरावला की सपाट वाटलेल्या कागदात चढउतार दिसू लागतात. वाळवंटातही डोळ्याला असाच वेळ द्यावा लागतो.

नसरीन यांचं निधन १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला झालं. आपल्या किनाऱ्यावर अखेरचे दिवस काढलेल्या या चित्रकर्तीची ओळख मराठी माणसाला न्यूयॉर्कमार्गे व्हावी, याची मला खंत वाटते. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलांना देखावा काढायला शिकवता, तेव्हा नसरीन यांचं एक रेखाचित्रही दाखवा. देखाव्यातून काय काय वगळलं तरी तो देखावाच उरतो, हे मुलांना तिथे शिकता येईल.