किल्ली आणि शुश्रूषा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



या महोत्सवात आपल्या शिक्षकांचा व धर्मभगिनींचा गौरव झाला, तो यथायोग्यच होय. आम्ही आज परिचारिकांविषयी, आणि त्यांतही ज्यांच्या कामाबद्दल चारचौघांत कोणी बोलत नाही अशांविषयी, थोडे बोलणार आहोत. मनोविकाराच्या भरात ज्यांच्या हातून घोर अपराध घडला, अशा रुग्णांची बंदोबस्तातील इस्पितळांत त्या शुश्रूषा करतात. आपल्या परिचयाच्या काही मुली विलायतेत हेच काम करीत आहेत.

इंग्लंडात १८०० साली जेम्स हॅडफील्ड या शिपायाने राजा तिसरा जॉर्ज याच्यावर पिस्तूल झाडले. लढाईत डोक्यास झालेल्या जखमांनी त्याची बुद्धी भ्रमली होती. अशांस फाशी न देता सुरक्षित ठेवावे, असा कायदा त्याच वर्षी झाला. आणि १८६३ साली ब्रॉडमूर येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र इस्पितळ उघडले. विल्यम मायनर या अमेरिकन डॉक्टराने १८७२ साली भ्रमाच्या भरात लंडनमध्ये एका निरपराध माणसास ठार केले. पुढे ब्रॉडमूरच्या खोलीत बसून त्याने ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी वर्षानुवर्षे अवतरणे निवडून पाठविली. मनुष्य हा त्याच्या अपराधाहून मोठा असतो, तो असा.

साधारण इस्पितळातून तेथे गेलेल्या परिचारिकेस प्रथम किल्ल्यांचा जुडगा सांभाळणे, प्रत्येक दार आपल्यामागे लावणे, जेवणानंतर सुऱ्या-काटे मोजून घेणे, हे शिकावे लागते. ते लवकरच अंगवळणी पडते. कठीण ते पुढेच. रुग्णाची हकिकत वाचून झाल्यावर दुसऱ्या सकाळी त्याच्यापुढे शांतपणे औषध घेऊन उभे राहायचे असते.

एकीने आम्हांस विचारले, “फादर, मला त्याची किळस येते. हे पाप आहे काय?” आम्ही म्हणालो, “किळस येणे हे पाप नव्हे, बाळ. पण ती मनात कोंडून ठेवू नकोस. कोंडलेली किळस हातांत उतरते, आणि हात कठोर होतात.” याच्या उलट दुसरा धोका अतिदयेचा. रुग्णाचे गुपित राखण्याचे वचन देणे, त्याच्यासाठी नियम मोडणे, यात दोघांचेही अहित आहे. म्हणून वडीलधाऱ्या परिचारिकेपाशी नियमाने मन मोकळे करणे, हा त्या कामाचाच भाग मानला जातो. भिंती व नियम यांनी रक्षण होते खरे. परंतु आज कोण जेवला नाही, कोण अबोल झाला, हे ओळखणारी परिचारिका नसेल, तर ते रक्षण अपुरेच होय.

हे काम केवळ परदेशाचे नव्हे. आपल्या देशातही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यातील निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांच्या उपचाराची सोय करावी, असे ठरविले आहे. उद्या तेथेही आपल्या मुली लागतील.

तेव्हा अशी मुलगी रजेवर घरी आली, म्हणजे तिला खुन्यांच्या गोष्टी विचारू नका. रुग्णाचे गुपित तिचे नाही, ती ते देऊ शकत नाही. “असल्यांची सेवा कशाला?” असेही म्हणू नका. एवढेच विचारा, “तू स्वतः बरी आहेस ना?” आणि तिचे निवांत ऐका.

आजारी आणि बंदिवान, या दोघांची भेट घेण्यास प्रभूने आपणांस सांगितले आहे. तिच्यासमोर ते दोघे एकाच देहात उभे असतात. एका हाती किल्ली व दुसऱ्या हाती औषध घेऊन ती त्याच्याकडे जाते. परमेश्वर तिचे दोन्ही हात स्थिर राखो.