मातीतून मॅटवर



येथील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी, खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. त्या नावाचा आम्हां दिल्लीकर मराठीजनांना अभिमान वाटतो. परंतु त्यामागील इतिहास आमच्या मुलांनाही ठाऊक असावा.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा तांबड्या मातीत घडले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा मॅट त्यांना नवखी होती. तरीही ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

दंड-बैठका आणि जोडीदाराशी नित्य झटापट यांस खास शिबिर लागत नाही. पाठीशी उभे राहणारे गाव मात्र लागते. परमुलखात ते गाव म्हणजे आपले मंडळ. गणेशोत्सवासाठी वर्गणी मागण्यास आम्ही कधी लाजलो नाही. कुस्ती वा ज्युदो शिकू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठीही ती मागण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपण सर्वांनी करावा, हीच विनंती.