उभ्याने सौजन्य



पत्रिकेवर विषय छापलाय ‘कामाच्या जागी सौजन्य’. विनय, संस्कार, गोड बोलावं वगैरे तुम्ही शाळेपासून ऐकत आलात, ते सोडून देतो. माझं एकच म्हणणं आहे. दुकानात, कचेरीत जो उद्धटपणा दिसतो त्याचं मूळ स्वभावापेक्षा बसण्याच्या व्यवस्थेत जास्त असतं. कोण बसलंय आणि कोणाला उभं ठेवलंय एवढं दाखवा. कोण कोणावर खेकसतं ते मी न ऐकता सांगतो. (हशा)

सरकारचा भरवसा मात्र जिभेवर. २०२१ मध्ये आपल्या राज्यात आदेश निघाला, कार्यालयात मोबाइलवर हळू आवाजात बोला. २०२२ मध्ये दुसरा निघाला, फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा. म्हणायला काहीच हरकत नाही. पण ‘वंदे मातरम्, साहेब जेवायला गेलेत’ यात माझी फाइल किती पुढे सरकली? (हशा, टाळ्या)

आता लग्नाचा बस्ता घ्या. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही दहा-बारा माणसं गेलो. पांढरी गादी, लोड-तक्के, पाय पसरून बसलेलो. चहा झाला, सरबत झालं. समोर विशीतली एक मुलगी. साडी उलगडायची, खांद्यावर टाकून दाखवायची, घडी घालायची, दुसरी काढायची. मानपानाच्या साड्यांवरून विहीणबाईंचं आणि आमच्या वहिनींचं बिनसलं, त्यात तासभर गेला. मुलगी उभीच. वहिनी म्हणाल्या, ‘अगं, टेक की जरा.’ तिने छताजवळच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं. ‘नको काकू, चालतं.’ शेवटी-शेवटी विहीणबाईंनी सतराव्यांदा वेगळा मोरपंखी मागितला, तेव्हा ती फाडकन म्हणाली, ‘हाच आहे, घ्यायचा तर घ्या.’ झालं! मालक गल्ल्यावरून उठून आले, सगळ्यांदेखत तिला झापलं आणि आमची माफी मागितली. परतताना गाडीत एकमताने ठरलं, हल्लीच्या मुलींना बोलायची रीत नाही.

दोन वाक्यांत सांगणार होतो, लांबलं. आजचं पुष्प ज्यांच्या सौजन्याने गुंफलं जातंय ते शेठ पहिल्याच रांगेत आहेत. ते दुकान यांचं नव्हे. (हशा) नाही शेठ, खरंच नव्हे.

कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला सवड मिळेल तेव्हा टेकायला जागा हवी, हे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये होतं. दुकानातली मुलगी त्या कलमात बसत नव्हती. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी एकत्र केलं, ‘पेणकूट्टु’ ही संघटना उभी केली. वर्षानुवर्षं भांडल्यावर २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. तामिळनाडूने २०२१ मध्ये. इंग्लंडमध्ये तीन विक्रेत्या बायकांमागे एक बैठक हवी, हा कायदा १८९९ सालचा!

शेठ मान हलवताहेत. बसलेला नोकर गिऱ्हाइकाला आळशी दिसतो, हेच ना? मग गिऱ्हाइकालाही विचारू. ते इथेच बसलंय, दोनशे खुर्च्यांवर. (शांतता) आता का हसत नाही?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे तीन. जिभेने काही बिघडत नाही असं मी म्हणालो, असा समज नको. २०१५ मध्ये इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतली २४ पथकं, समोर आजारी बाळाचा सराव. काही पथकांना एका परदेशी तज्ज्ञाने ऐकवलं की इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा काही मला पटलेला नाही. बाळ खोटं होतं, पण ज्यांनी ते ऐकलं त्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. झापल्यानंतरची साडी त्या मुलीने कशी उलगडली असेल, हिशेब करा.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. एक मुद्दा राहिलाच. कोझिकोडच्या बायकांची पहिली मागणी बसायला जागेची नव्हती, स्वच्छतागृहाची होती. त्यावर स्वतंत्र तास लागेल. पुढच्या वर्षी बोलावलंत तर येईन. शेठ प्रायोजक राहिले तर. (हशा)