मधल्या नटाला हात लावायचा नाही!

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मसाला दूध आटेपर्यंत मला वेळ दिला आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. मी आयटी कन्सल्टंट. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हाताला ग्रीस लागलं ते फक्त पहिल्या वर्षीच्या वर्कशॉपमध्ये, तेही सबमिशनपुरतं. असा माणूस आज तुम्हाला गाडीचे शॉकअप घरी कसे बदलायचे ते सांगणार आहे. हसू नका, तुमच्यापैकी तिघंजण आज त्याच गाडीतून आले आहेत!

आमची कॅमरी २००९ची, १,३८,००० मैल झालेली. आपल्या मिशिगनचा हिवाळा तुम्हाला माहीतच आहे. रस्त्याच्या भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, वितळतं आणि मार्चपर्यंत रस्त्याची चाळण होते. इतक्या वर्षांत शॉकअप थकणारच. बॉनेट दाबून सोडलं की गाडीने एकदा वर येऊन थांबायला हवं. आमची बराच वेळ मान डोलवत राहायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. आईला मणक्याचा त्रास. मागच्या सीटवर प्रत्येक खड्ड्याला "अगं आई गं!" जूनमध्ये तिने जाहीर केलं, "तुम्ही जा फिरायला, मी घरीच बरी." आई घरी म्हणजे बाबाही घरी. दिवसभर खिडकीत बसायचे. एक दिवस हळूच म्हणाले, "परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळेल का रे?" ते मला फार लागलं.

गॅरेजवाल्याने चारही चाकांचे मिळून १,६०० डॉलर सांगितले. नुसते पार्ट्स बघितले तर ५४० डॉलर. मी बाबांना विचारलं, "बाबा, आपण घरीच करायचं का?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पाने आहेत का तुझ्याकडे?"

बाबांनी ३१ वर्षं एका वर्कशॉपमध्ये बस-ट्रकचे पाटे बसवले. मला मात्र तिथे कधी नेलं नाही. "तू पुस्तक धर," एवढंच सांगायचे.

थोडं तांत्रिक सांगतो. स्प्रिंग धक्का झेलते; तिचं उड्या मारणं थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं आणि पिस्टनला बारीक भोकं. त्यातून तेल ढकललं जाताना धक्क्याची ताकद उष्णतेत जाते. आपल्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात. हा मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरने १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना ही रचना विकसित केली. पुढे तो फोर्डमध्ये गेला आणि त्यांच्या गाड्यांत ती आली. आपल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांनाही हेच होतं!

मला खरं तर स्पोर्ट्सवाले, गाडी खाली बसवणारे स्प्रिंग घ्यायचे होते. बाबा म्हणाले, "हे आईसाठी करतोयस की स्वतःसाठी?" विषय संपला. मूळच्याच उंचीचे, गॅस भरलेले, स्प्रिंगसकट जोडून आलेले स्ट्रट मागवले.

आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. शनिवारी सकाळी गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट सैल केले, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. काढलेलं चाकही त्यांनी गाडीखाली आडवं सरकवलं. म्हणाले, "तुमच्यात याला बॅकअप म्हणतात ना?"

ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटपासून सोडवली. स्टॅबिलायझरची लिंक काढली. खालचे दोन जाड बोल्ट काढण्याआधी डिस्क-ब्रेकचा भाग दोरीने बांधला, नाहीतर तो लोंबकळून नळीला ताण बसतो.

मग बॉनेट उघडलं. वर गोलात तीन नट, आणि मधोमध एक मोठा. मोठा तोच मुख्य, अशा समजुतीने मी त्याला पाना लावला. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. "मधल्याला हात लावायचा नाही!" असा आवाज मी आठवीनंतर ऐकला नव्हता.

मंडळी, तो नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून बसलेला असतो. चाक हवेत असलं तरी स्प्रिंग सैल होत नाही. तो सुटला तर स्प्रिंग सगळ्या जोरानिशी उसळते. काढायचे ते बाजूचे तीन. म्हणूनच घरी करणाऱ्याने जोडून आलेली असेंब्लीच घ्यावी.

चहाच्या वेळी बाबांनी डाव्या अंगठ्याखालची जुनी खूण दाखवली. "नारळ फोडताना लागलं असं सांगितलं होतं ना तुला? नारळ नव्हता. पाटा होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू घाबरला असतास, नाहीतर बघायला यायचा हट्ट धरला असतास. मला दोन्ही नको होतं."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या बाजूचे नट काढायला लागलो.

मागच्या स्ट्रटसाठी सीट काढावी लागली. तिच्याखाली लेकीचे खडू, चिवडा आणि मी वर्षभर शोधत असलेली घराची किल्ली सापडली! शेवटी टॉर्क रेंच लावून चाकांचे नट ७६ फूट-पाउंडला आवळले. सोमवारी व्हील अलाइनमेंट करून आणलं. ते टाळू नका, खालचे बोल्ट हलले की चाकांचा कोन बदलतो आणि टायर वाकडे झिजतात.

त्या रविवारी आई मागे बसली. त्याच रस्त्याने देवळात जाऊन आलो. उतरताना ती एवढंच म्हणाली, "आज खड्डे बुजवलेत वाटतं." बाबा माझ्याकडे बघून हसले.

तिकीट बदललं नाही. पुढच्या महिन्यांत बाबांनी आमच्या गल्लीतल्या दोन गाड्यांचे ब्रेक पॅड बदलून दिले. भाषेची अडचण? पाना दाखवला की पुरतं!

तुमचे आई-बाबा आले की त्यांना नायगारा जरूर दाखवा. पण एखादा शनिवार त्यांच्या हातचं काम शिकायलाही ठेवा. आणि मधल्या नटाला हात लावू नका!

दूध आटलेलं दिसतंय.