घर बदललें, मोटारीच्या विम्याचें काय?

बिऱ्हाड हलवावयाचें ठरलें म्हणजे भांडींकुंडीं, पुस्तकें, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, सर्वांची आठवण होते. मोटारीचा विमा मात्र जुन्या पत्त्यासह कपाटांत तसाच पडून राहतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. पत्ता बदलल्यानें विमा रद्द होत नाहीं. मुंबईंत घेतलेली पॉलिसी साताऱ्यांत चालते, तशी बंगळुरांतहि चालते. कारण तिचें क्षेत्र सबंध भारत असतें. दुसऱ्याच्या नुकसानीसाठीं जो विमा सक्तीचा आहे, त्याचा दर सरकार ठरवितें. खासगी मोटारीच्या बाबतींत तो इंजिनाच्या क्षमतेवरून ठरतो, गांवावरून नव्हे.

स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा निराळा. २००२ च्या दरपत्रकांत मुंबई, पुणें यांसारखीं आठ मोठीं शहरें एका विभागांत व बाकीचा देश दुसऱ्यांत होता. शहरांचा दर थोडा अधिक असे आणि विभाग ठरे तो मोटारीच्या नोंदणीच्या ठिकाणावरून. २००७ पासून हा दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तेव्हां पुण्याहून साताऱ्यास गेल्यानें हप्ता आपोआप उतरेल, अशी आशा धरूं नये; कंपनीस विचारून घ्यावें.

आतां कायद्याची बाजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणें नवा पत्ता ३० दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा लागतो. मोटार दुसऱ्या राज्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर ४७ व्या कलमानुसार तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठीं जुन्या कार्यालयाचें ना-हरकत पत्र लागतें. २०२१ सालीं सुरू झालेल्या भारत मालिकेच्या क्रमांकास मात्र हा खटाटोप नाहीं. क्रमांक बदलला कीं पॉलिसीवरहि तो चढवून घ्यावा. एरव्हीं नुकसानभरपाईच्या वेळीं मोटारीचा क्रमांक एक आणि कागदावरील क्रमांक दुसरा, असा घोळ होऊन प्रकरण रेंगाळतें.

सामान हलवितांना मोटार मालमोटारींतून किंवा रेल्वेनें पाठविली, तरी तिचा सर्वसमावेशक विमा प्रवासांतहि लागू असतो. तिच्यांत भरलेल्या ट्रंका व गाद्या मात्र त्यांत येत नाहींत.

परंतु सर्वांत मोठें संकट निराळेंच आहे. विम्याची मुदत संपल्याची सूचना जुन्या घरीं जाते. तेथील नवा भाडेकरू ती बाजूस टाकतो. इकडे नव्या गांवच्या धांदलींत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मुदत संपून ९० दिवस उलटले, तर दावा न केल्याबद्दल वर्षानुवर्षें साठलेली, ५० टक्क्यांपर्यंत पोहोचणारी सवलत जाते. विम्याविना मोटार चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊं शकतात. हेंहि एक वेळ सोसेल. पण त्याच दिवसांत कोणी पादचारी मोटारीखालीं सांपडला, तर त्याच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई मालकाच्या पदरीं येते. तींत राहतें घरसुद्धां जाऊं शकतें.

म्हणून नव्या घराची किल्ली हातीं येतांच पत्ता, दूरध्वनि व ई-मेल कंपनीस कळवून तशी नोंद पॉलिसीवर करून घ्यावी आणि मुदत संपण्याची तारीख घरांतील दोघांना तरी ठाऊक असावी.