शिडीच्या पायथ्याशी

(लवळे, ता. मुळशी येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



लवळ्याच्या टेकड्यांवर लहानपणापासून वावरलेल्या मंडळींना मी डोंगर चढण्याविषयी सांगावे, हे थोडे धाडसाचेच आहे. तथापि आजचा माझा विषय तरबेज माणसाचा नाही. गडाची सहल ठरली की ज्याच्या पोटात गोळा येतो आणि नाही म्हणण्याचा मात्र ज्याला संकोच वाटतो, अशा माणसाचा आहे. असा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. शिक्षकांतही असतो, फक्त तो बोलून दाखवीत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड व राजगड आपल्या जिल्ह्यातील. साहजिकच शाळांच्या सहली गडांकडे अधिक वळतील. आपल्या तालुक्यातील घनगड त्या यादीत नाही; परंतु नाखूश चढणाऱ्याची अडचण नेमकी कोठे असते, हे तेथे चांगले कळते.

सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून घडला, त्यास सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. मऊ थर झिजून उतार झाले, कठीण थर कडे होऊन उभे राहिले. म्हणून आपल्या गडांवर बहुधा आधी दमविणारा चढ आणि माथ्याजवळ धडकी भरविणारा कातळ, असा क्रम असतो. एकोले गावातून निघालेली घनगडाची वाट गारजाई देवीच्या देवळावरून रानातून वर जाते. पुढे पायऱ्या तुटलेल्या असून तेथे लोखंडी शिडी लावलेली आहे.

एका शाळेच्या तुकडीबरोबर मी तेथे गेलो होतो. बरोबरचे एक भाषाशिक्षक पन्नाशीचे, मुलांचे आवडते. शिडीच्या पायथ्याशी ते खाली बसले व म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी येथे बरा आहे." मुलांनी टाळ्या वाजवून त्यांना उठविण्याचा घाट घातला. प्रेमापोटीच, पण अशा वेळी टाळ्यांसारखा जाच नाही. मुख्याध्यापकांनी मुलांना गप्प केले, पुढे पाठविले आणि स्वतः गुरुजींजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने वाट दाखविण्यास आलेले एकोल्याचे शेतकरी म्हणाले, "गुरुजी, दोन हात अन् दोन पाय, चार आधार हायेत. तीन घट्ट ठेवायचे, एकच हलवायचा."

गुरुजी तीन पायऱ्या चढले आणि उतरले. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या खेपेस ते वर गेले. उतरताना तोंड कातळाकडे ठेवावे लागते व पाऊल कोठे पडते ते दिसत नाही. तेथे त्यांना चढण्याहून अधिक वेळ लागला. वर काय पाहिले, असे मुलांनी विचारता, "पुढच्या माणसाच्या टाचा," असे ते म्हणाले.

ते चढले नसते तरी सहल फसली, असे मी मानले नसते. 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, त्याचा आपणांस अभिमान आहे. पण त्यामागे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण होते. एका दिवसाच्या सहलीत कोणाकडून तशी अपेक्षा धरणे गैर होय. आपल्याकडे सर्वांत वेगवान मुलाला पुढे सोडून बाकीच्यांना धापा टाकीत पळविण्याची खोड आहे. मंद चालणारा पुढे आणि जाणता शिक्षक सर्वांत मागे असावा. जो थांबतो म्हणेल, त्याच्याजवळ एक मोठे माणूस ठेवावे. त्यासाठी निघतानाच एक शिक्षक जास्त घ्यावा.

पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर मुलांना नेऊच नये. आग्या मोहळांमुळे कड्याखाली धूर करू नये. आणि पायथ्याच्या गावातील वाटाड्याची मजुरी सहलीच्या खर्चात आधीच धरावी; एकोल्याच्या त्या शेतकऱ्याने त्या दिवशी स्वतःचे काम बुडविले होते.