असईचे शिपाई आणि पिनकोड ४३१४०१

आजचा भाग थोडा रडगाण्याचा आहे, आधीच सांगतो. विषय आहे मिनिएचर वॉरगेमिंग, आणि त्याचं सामान परभणीत बसून विकत घेणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, साधारण २८ मिलीमीटरचे. ते तुटक्या भागांत येतात. आपण ते कापायचे, चिकटवायचे, प्रायमर मारायचा, रंगवायचे, आणि मग टेबलावर टेप आणि फासे घेऊन लढाई खेळायची. एक डाव चार तास, पण त्याआधीची तयारी चार महिने. आमच्या घरी याला 'बाहुल्या' म्हणतात. मी वाद घालत नाही.

आपल्याकडे म्हण आहे ना, जगात जर्मनी, भारतात परभणी. तर हा खेळ खरोखर जर्मनीचाच. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बाप-लेकांनी युद्धाचा खेळ तयार केला. वडिलांनी १८१२ साली राजाला दाखवला, मुलाने १८२४ मध्ये सुधारून आणला आणि सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने, हो, टाइम मशीनवाल्या वेल्सनेच, खेळण्यातल्या शिपायांनी खेळायचे नियम 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात छापले. आज यातलं सगळ्यात मोठं नाव वॉरहॅमर, त्याची कंपनी गेम्स वर्कशॉप, इंग्लंडात नॉटिंगहॅमची.

मला मात्र अंतराळातले राक्षस नको होते. मला असई पाहिजे होती.

असई म्हणजे शेजारच्या जालना जिल्ह्यातलं गाव. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एका बाजूला आणि आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. हाच पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार कोण, तर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस. घ्या, परत जर्मनी! इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर पलटणीत सुमारे पाचशे माणसं होती, त्यातली चारशेच्या आसपास मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांच्या तोफांनी त्या पलटणीची चाळण केली होती. वेलस्ली जिंकला, पण म्हातारपणीसुद्धा तो या लढाईला आपली सगळ्यात चांगली कामगिरी म्हणायचा.

जगभरचे वॉरगेमर ही लढाई खेळतात. इंग्लंडातल्या कुठल्या तरी हॉलमध्ये लोक टेबलावर केळना नदी मांडतात. आणि मी, जो सकाळची गाडी धरून दुपारपर्यंत भोकरदनला पोचू शकतो, त्याच्याकडे शिपाई नाहीत. कारण हे शिपाई ओतले जातात ब्रिटन-अमेरिकेत. त्यातही गंमत बघा. हायलँडर प्लास्टिकमध्ये सहज मिळतात, मराठा कवायती पायदळ बहुतेक धातूत. धातू म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे शिपिंग.

आता हिशोब. पोलमनच्या हाताखाली अंदाजे १०,८०० कवायती पायदळ होतं. एक बाहुली म्हणजे वीस माणसं धरली तर ५४० बाहुल्या. एक धातूचा शिपाई २० ग्रॅम धरा, झाले जवळपास ११ किलो. अकरा किलो मराठे, इंग्लंडहून मराठवाड्यात, विमानाने. बजेट बघून मी थेट चोवीस शिपायांवर आलो.

मग कस्टम्स. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावर कुणी सरळ बोलत नाही. खेळणी आणि लहान आकाराची मॉडेल्स कस्टम्सच्या एकाच शीर्षकाखाली येतात, ९५०३. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. हजार रुपयांच्या मालावर सातशे शुल्क. झाले १,७००. मग त्या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. आणि तो 'हजार' म्हणजे नुसती मालाची किंमत नाही हं, त्यात शिपिंग आणि विमाही धरतात.

बरं, एवढंच असतं तर एक्सेलमध्ये टाकून गप्प बसलो असतो. पण वैयक्तिक वापराच्या पार्सलला कधीकधी वेगळाच सरसकट दर लागतो. तुमचा बॉक्स कुठल्या खणात पडेल ते ऑर्डर करताना कळत नाही. माझं एक पार्सल आलं तेव्हा कुरिअर कंपनीने आधार मागितलं, मग पॅन, मग 'मालाचा उपयोग काय' असं विचारलं. मी लिहिलं, 'छंद'. परत मेल आला, 'कृपया उपयोग स्पष्ट करा'. अकरा दिवस गेले. शेवटी बिलावर शुल्काखाली हाताळणीचा वेगळा आकार होता, आणि तो कशाचा हे फोनवरच्या तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नाही.

शुल्क लावण्यामागचं कारण मला कळतं. स्वस्त, निकृष्ट खेळणी बाहेरून येऊन पडत होती आणि इथल्या कारखान्यांना जागा द्यायची होती. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेही बरोबरच, पोरं वस्तू तोंडात घालतात. पण दौलतराव शिंद्यांचा शिपाई भारतात कुठला कारखाना बनवतोय, ज्याला माझ्यापासून संरक्षण पाहिजे?

शिपाई आले. आता रंग, आणि मंडळी, खरा छळ इथे आहे.

प्रायमर स्प्रेच्या डब्यात येतो. त्यात दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो, म्हणून विमानात तो धोकादायक माल ठरतो. मग तो रस्त्याने येणार. वेबसाइटवर पिनकोड टाका, ४३१४०१, लाल अक्षरांत उत्तर येतं, 'या ठिकाणी उपलब्ध नाही'. पुण्याचा टाकला की हिरवं. मग मी स्टेशन रोडला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो. म्हटलं, मॅट ग्रे प्रायमर द्या. दुकानदार म्हणाला, "कशाला लावायलात दादा, बंपरला का गेटला?" म्हटलं, छोट्या मूर्तीला. "मग चमकणारा घ्या की! मॅट लावून काय दिसणार?"

त्या माणसाने शेवटी जो डबा दिला तो चांगला निघाला, हे सांगितलं पाहिजे. धातूवर मस्त बसतो. प्लास्टिकवर मात्र आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघा, काही स्प्रे प्लास्टिक वितळवतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी स्प्रे करू नका. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला थेंब हवेतच वाळतो आणि शिपायावर रवा सांडल्यासारखा बसतो. पहाटे साडेपाचला गच्चीवर. पावसाळ्यात मॅट वार्निश पांढरं पडतं, तेव्हा सरळ ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. कॅमलचा गेसो पाणी घालून पातळ करून चालतो, मी तोच वापरतो.

कॅमल म्हणजे कॅमलिन, १९३१ मध्ये आपल्या मराठी दांडेकरांनी सुरू केलेली कंपनी, त्यामुळे रंगांबाबत मला थोडा अभिमान आणि थोडा राग दोन्ही आहे. त्यांचे अ‍ॅक्रिलिक कॅनव्हाससाठी छान. पण दोन मिलीमीटरच्या चेहऱ्यावर पातळ केले की रंग फाटतो, तीन-चार थर द्यावे लागतात. यासाठीचे खास रंग व्हॅलेहोचे, स्पेनचे, छोटीशी बाटली. भारतातल्या दुकानांत मिळतात, पण तुम्हाला हवा तो एकच लाल संपलेला असतो. चोवीसपैकी नऊ कोट रंगवले आणि बाटली संपली. पुढचा स्टॉक कधी? 'नोटिफाय मी' बटण दाबा. ते बटण दाबून मला दोन महिने झाले. दुसऱ्या लालने रंगवले तर एकाच पलटणीत दोन पलटणी दिसतात.

ब्रशबद्दल एकच. स्वस्तात 'अस्सल केसांचा' बारीक ब्रश कुणी देत असेल तर आधी कसले केस ते विचारा. मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे चोरून विकले जातात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. सिंथेटिक घ्या. टोक लवकर वाकतं, पण कुणाचा जीव जात नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. दिवाळीत पुण्याकडे पोरं किल्ले करतात, बाजारात मातीचे मावळे येतात. म्हणजे साचा करून हजारोंनी शिपाई काढणारे हात महाराष्ट्रात आहेत. फक्त महाराज वीतभर, मावळा बोटभर आणि वाघ हत्तीएवढा, असं सगळं एका सेटमध्ये. दिवाळी झाली की तेही गायब. एका मापाचे, नीट कवायतीचा वेश केलेले वीस शिपाई वर्षभर कुणी काढले, तर मी आणि माझ्यासारखे लोक इंग्लंडला पैसे पाठवायचे बंद करू.

तोपर्यंत मधला रस्ता थ्रीडी प्रिंटिंगचा. मॉडेलची फाइल विकत घ्यायची, पुण्यात कुणाकडून रेझिनमध्ये छापून घ्यायची. कस्टम्स नाही, अकरा दिवस नाही. फक्त फाइलवाल्याने दुसऱ्याकडून छापून घ्यायला परवानगी दिली आहे का, हे वाचा. आणि घरी प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर हातमोजे, उघडी खिडकी आणि आईची परवानगी, तिन्ही लागतात. कच्चं रेझिन कातडीला वाईट.

माझे बारा गोलंदाज आत्ता छापून झालेत. गोलंदाज म्हणजे तोफेवरचा माणूस, बुमराह नाही. उद्या रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसतील, परवा सकाळी सहाला मी वसमत रोडला घ्यायला जाणार. तोफा चार आहेत, हायलँडर एका मित्राचे आहेत, तो नांदेडला असतो. नदीसाठी निळं कापड घेतलंय.

तिसरा खेळाडू नाही. भोसल्यांचं घोडदळ कुणीतरी चालवायला पाहिजे. हिंगोली, जालना, लातूर, कुठलेही असाल, शिपाई नसले तरी चालेल, फासे आम्ही देतो. या भागाखाली कमेंट करा. आणि घरात तो व्हॅलेहोचा लाल अर्धा पडून असेल, तर येताना घेऊन या.